वाचकांचे प्रश्न : कामाच्या ठिकाणची सुरक्षा आणि संकटाची पूर्वतयारी

कामाच्या ठिकाणची सुरक्षा आणि संस्थांची संकटसज्जता हे विषय महाविद्यालयात शिकण्यासंबंधी आलेल्या पत्रांपैकी चार पत्रांना या अंकात उत्तरे दिली आहेत. पत्रलेखकांची नावे त्यांच्या इच्छेनुसार छापलेली नाहीत.

प्रश्न : मी वाणिज्य शाखेच्या शेवटच्या वर्षाला आहे. पदवीनंतर सुरक्षा व्यवस्थापनाचा अभ्यासक्रम करावा असे माझ्या मनात आहे. बाबांचे म्हणणे असे की, शेवटी गेटवर वॉचमन म्हणूनच उभे राहायचे असेल तर त्यासाठी आणखी दोन वर्षे फी कशाला भरायची? त्यांना मी काय सांगावे?
– एक विद्यार्थी, सातारा

उत्तर : तुमच्या बाबांची शंका चुकीची म्हणता येणार नाही, कारण कंपनीची सुरक्षा म्हणजे गेटवरचा माणूस आणि त्याच्यापुढचे आवक-जावक रजिस्टर, एवढेच बाहेरून आपल्याला दिसत असते. त्या माणसाचे काम मोलाचे आहे. पण त्याने नेमके कोठे उभे राहावे, कोणत्या गाडीची तपासणी करावी, रात्री दोन वाजता गोदामातून धूर येताना दिसला तर पहिला फोन कोणाला करावा आणि कोणते दार आधी उघडावे, हे कोणीतरी आधीच विचार करून ठरवलेले असावे लागते. ते ठरवणे, सोप्या भाषेत लिहून काढणे, माणसांकडून गिरवून घेणे आणि ठरलेले अजून लागू पडते की नाही हे वारंवार तपासणे, हा या शिक्षणाचा गाभा आहे.

२६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईच्या छत्रपती शिवाजी टर्मिनसवर गोळीबार सुरू झाला, तेव्हा उद्घोषक विष्णू झेंडे आपल्या कक्षात कामावर होते आणि स्थानकातले दृश्य त्यांना तेथून दिसत होते. उपनगरी गाड्यांतून उतरणाऱ्या प्रवाशांनी पुढे न येता मागच्या बाजूने बाहेर पडावे, असे ते ध्वनिक्षेपकावरून सांगत राहिले, आणि त्यामुळे कितीतरी माणसे गोळीबाराच्या टप्प्यात आलीच नाहीत. त्यांच्या धैर्याविषयी सगळेच बोलतात आणि ते योग्यच आहे. या विषयाच्या विद्यार्थ्याने मात्र त्यापुढे जाऊन पाहावे. ज्याला धोका दिसत होता त्याच्याच हाती ध्वनिक्षेपक होता, बाहेर पडण्याच्या वाटा त्याला पाठ होत्या आणि बोलण्यासाठी त्याने वरून आदेश येण्याची वाट पाहिली नाही. तुमच्या परिसरातल्या एखाद्या कारखान्यात किंवा रुग्णालयात या तीन गोष्टी रात्रपाळीच्या एका तरी माणसाजवळ एकत्र आहेत काय, हा प्रश्न बाबांसमोर ठेवून पाहा. त्याचे उत्तर शोधू लागलात की अभ्यास सुरूच झाला, असे मी म्हणेन.

याच्या उलट काय घडते, तेही मुंबईने पाहिले आहे. डिसेंबर २०१७ मध्ये लोअर परळच्या कमला मिल आवारातल्या गच्चीवरील उपाहारगृहांना आग लागली आणि १४ जणांचा मृत्यू झाला. त्यांतले बरेच जण स्वच्छतागृहात आश्रयाला गेले होते आणि तेथे धुराने गुदमरले. घाबरलेला माणूस आपल्याला ठाऊक असलेल्या आणि जवळच्या जागेकडे धावतो; अनोळखी जिना शोधण्याइतके त्याचे मन त्या क्षणी स्थिर नसते. म्हणून सुटकेची वाट आधीच डोळ्यांत भरेल अशी ठेवावी लागते आणि पाहुण्यांना त्या वाटेने नेणारे कर्मचारी आधी तयार करावे लागतात. हे काम एकट्या सुरक्षारक्षकाच्या आवाक्यातले नाही. त्यासाठी इमारतीचे नकाशे वाचणारा, कायदा जाणणारा, मालकाला खर्चाची गरज पटवून देणारा आणि माणसांचे वागणे समजणारा अधिकारी लागतो. वाणिज्य शाखेची पार्श्वभूमी येथे आड येत नाही. अंदाजपत्रक, विमा आणि कंत्राटाच्या अटी समजणारी माणसे या क्षेत्राला हवीच असतात.

नोकऱ्या आहेत काय, असे बाबा पुढे विचारतील. खासगी सुरक्षा संस्थांचे नियमन करणारा केंद्रीय कायदा २००५ सालचा आहे. २६ नोव्हेंबरच्या हल्ल्यानंतर २००९ मध्ये केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाच्या कायद्यात दुरुस्ती होऊन हे दल मोबदला घेऊन खासगी उद्योगांनाही देता येऊ लागले, आणि त्याच वर्षी इन्फोसिसच्या बेंगळुरू येथील संकुलात ते तैनात झाले. रुग्णालये, हॉटेले, बँका, माहिती तंत्रज्ञान कंपन्या, मॉल, विमानतळ, गोदामे या सर्वांना आज या कामासाठी शिकलेली माणसे लागतात. मात्र पदवी हाती पडताच केबिन मिळेल, अशी आशा बाळगू नका. सुरुवात बहुधा पाळीच्या पर्यवेक्षकापासून होते, रात्री जागाव्या लागतात, आणि पहिल्या काही वर्षांत हाताखालच्या वयस्क रक्षकांकडूनच बरेच शिकावे लागते. ही वर्षे वाया जातात असे मला मुळीच वाटत नाही. ज्याने गेटवर पावसाळा काढला आहे, त्याने लिहिलेली योजना वेगळीच असते.

प्रश्न : मी विज्ञान शाखेची विद्यार्थिनी आहे. २०२१ चा पूर आम्ही अनुभवला आणि लोटे परशुरामची रासायनिक वसाहतही आम्हाला जवळ आहे. संकट व्यवस्थापन शिकायचे ठरवले आहे, पण औद्योगिक सुरक्षा, अग्निशमन, आपत्ती व्यवस्थापन अशी इतकी नावे दिसतात की कोणता अभ्यासक्रम निवडावा ते कळत नाही. मुलींना या क्षेत्रात वाव आहे का?
– एक विद्यार्थिनी, चिपळूण

उत्तर : ही नावे एकमेकींच्या शेजारची असली तरी त्यांची दारे वेगवेगळी आहेत. कारखान्यातील अपघात आणि घातक प्रक्रिया हा ओढा असेल तर औद्योगिक सुरक्षेची प्रगत पदविका पाहावी. मुंबईत शीव येथील केंद्रीय श्रम संस्था हा अभ्यासक्रम चालवते आणि राज्याच्या तंत्रशिक्षण मंडळाच्या मान्यतेनेही तो शिकवला जातो. आगीचे शास्त्र शिकायचे असेल तर केंद्रीय गृह मंत्रालयाच्या अखत्यारीतले राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय आपल्या नागपुरातच आहे आणि त्याची स्थापना १९५६ सालची आहे. पूर, भूकंप, विस्थापन आणि पुनर्वसन यांकडे समाजाच्या बाजूने पाहायचे असेल तर मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेत आपत्ती अभ्यासाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे. उद्योगांची आणि कार्यालयांची सुरक्षा हाच मुख्य विषय हवा असेल तर गांधीनगरजवळच्या राष्ट्रीय रक्षा विद्यापीठात त्यासाठी स्वतंत्र विभाग आहे. या विद्यापीठाला २०२० मध्ये राष्ट्रीय महत्त्वाच्या संस्थेचा दर्जा मिळाला. प्रवेशाच्या अटी दरवर्षी बदलू शकतात, म्हणून त्या चालू वर्षाच्या माहितीपत्रकातच पाहाव्यात. विज्ञान शाखेमुळे पहिली दोन दारे तुम्हाला सहज उघडतील, आणि लोट्याजवळ राहणाऱ्या मुलीने औद्योगिक सुरक्षेचा विचार आधी करावा असा माझा आग्रह राहील.

या आग्रहाचे कारण भोपाळ आहे. १९८४ च्या डिसेंबरातील त्या रात्री कारखान्याच्या भोवतालच्या वस्तीला आपल्या शेजारी कोणता वायू साठवला आहे आणि तो सुटला तर काय करावे, हे कोणी सांगितलेलेच नव्हते. वाऱ्याच्या आडव्या दिशेने निघून जावे, तोंडावर ओला कपडा धरावा, एवढी साधी गोष्ट ठाऊक असती तरी अनेक जीव वाचू शकले असते. त्या दुर्घटनेनंतर १९८७ मध्ये कारखाने अधिनियमात दुरुस्ती झाली आणि घातक प्रक्रिया चालवणाऱ्या कारखानदाराला धोक्यांची माहिती कामगारांना, प्रशासनाला आणि आसपासच्या लोकांना देणे तसेच आवारातील आपत्कालीन योजना तयार करणे बंधनकारक झाले. १९८९ च्या घातक रसायनविषयक नियमांनी मोठ्या धोक्याच्या कारखान्यांना या योजनेची रंगीत तालीम दर सहा महिन्यांनी घेण्यास सांगितले. आवाराबाहेरच्या वस्तीसाठी वेगळी योजना असते आणि तिची जबाबदारी प्रशासनाकडे असते. चिपळूणच्या मुलीने या दोन्ही योजना एकत्र वाचायला शिकावे, कारण मुसळधार पावसात रस्ते पाण्याखाली असताना एखाद्या कारखान्यात गळती झाली, तर गावकऱ्यांना हलवायचे कोणत्या वाटेने, याचे उत्तर दोन्ही कागद शेजारी ठेवल्याशिवाय मिळत नाही. ठाणे-बेलापूर आणि पाताळगंगा पट्ट्यांत कारखान्यांनी संकटात एकमेकांच्या मदतीला जाण्यासाठी ‘मार्ग’ नावाचे गट उभे केले आहेत. त्यांच्या कामाची माहिती अवश्य मिळवा.

कोणतीही संस्था निवडली तरी तिच्या माहितीपत्रकात एक गोष्ट आवर्जून शोधा : विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष जागेची पाहणी करून अहवाल लिहावा लागतो काय, आणि रंगीत तालीम आखून, घेऊन, तिच्यातल्या चुका मांडाव्या लागतात काय. हे नसेल आणि नुसत्या व्याख्यांवर परीक्षा होणार असेल, तर नाव कितीही मोठे असले तरी तेथे जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. योजनेची फाईल कपाटात असणे आणि माणसे तयार असणे यांत किती अंतर असते, ते एक तालीम घेतल्याशिवाय कळत नाही. दिवे गेले की विजेची घंटा वाजत नाही, ज्याच्याकडे किल्ली आहे तो रजेवर असतो, कंत्राटी कामगारांची नावे हजेरीच्या मस्टरवर नसल्यामुळे आत कोणी राहिले की नाही ते कोणालाच सांगता येत नाही. या गोष्टी पुस्तकात वाचून लक्षात राहत नाहीत.

संगणकाचे शिक्षणही टाळू नका. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेवर सायबर हल्ला झाला आणि नोंदणीपासून तपासणी अहवालांपर्यंतची कामे बरेच दिवस कागदावर करावी लागली. आग नाही, पूर नाही, तरी रुग्णांच्या रांगा थांबल्या, म्हणजे ते संकटच होते. सायबर घटनांची माहिती सहा तासांच्या आत केंद्राच्या ‘सर्ट-इन’ या यंत्रणेला देण्याचे बंधन त्याच वर्षीच्या एप्रिलमधील निर्देशांनी आले आहे. त्या सहा तासांत कोण काय करणार, हे आधीच ठरलेले असावे लागते. २०१२ मध्ये मंत्रालयाला लागलेल्या आगीत जळालेल्या फायली आठवा. ज्या कागदाची दुसरी प्रत नाही तो कागद म्हणजे संस्थेचा कच्चा दुवा असतो, मग तो कपाटात असो की सर्व्हरमध्ये.

मुलींना वाव आहे काय, या प्रश्नाचे उत्तर निःसंदिग्ध ‘आहे’ असे देतो. दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक ठिकाणी लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती असणे २०१३ च्या कायद्याने आवश्यक आहे. पुण्यात २००७ मध्ये रात्रपाळीला निघालेल्या एका तरुणीची तिला नेणाऱ्या गाडीच्या चालकाने आणि त्याच्या साथीदाराने हत्या केली, तेव्हापासून चालकाची पडताळणी, गाडीचा मार्ग, गाडीत शेवटी उरणारी प्रवासी स्त्री असू नये आणि असल्यास सोबत रक्षक असावा, हे मुद्दे सुरक्षा व्यवस्थेच्या केंद्रस्थानी आले. हे धोके स्वतः ओळखणाऱ्या स्त्रिया जेथे नियोजन करतात तेथे ते अधिक नेमके होते, हे मी पुष्कळ ठिकाणी पाहिले आहे.

प्रश्न : आमच्या ग्रामीण महाविद्यालयात संकटसज्जतेवर एक छोटा श्रेयांक अभ्यासक्रम सुरू करण्याची परवानगी मिळाली आहे. जवळपास मोठा उद्योग नाही, प्रयोगशाळा नाही आणि निधीही नाही. अशा वेळी विद्यार्थ्यांकडून प्रात्यक्षिक काय करून घ्यावे?
– एक प्राध्यापिका, लातूर जिल्हा

उत्तर : आपले महाविद्यालय हेच कामाचे ठिकाण आहे आणि तेच आपली प्रयोगशाळा होऊ शकते. तेथे रसायने आहेत, वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात गॅसचे सिलिंडर आहेत, पन्नास-साठ जण एका दाराने आत-बाहेर करतात, परीक्षेच्या काळात प्रश्नपत्रिकांची गोपनीयता राखावी लागते आणि स्नेहसंमेलनाला गर्दी उसळते. १९९३ च्या किल्लारी भूकंपाची स्मृती ज्या जिल्ह्यात घराघरात आहे, तेथे या अभ्यासाची गरज कोणाला पटवून द्यावी लागणार नाही.

सुरुवात पाहणीने करावी. विद्यार्थ्यांच्या तुकड्या करून प्रत्येकीला एक इमारत द्यावी आणि एकच प्रश्न द्यावा : या इमारतीतल्या सर्वांना बाहेर पडायचे झाले तर काय आडवे येईल? जिन्याखाली रचलेली मोडकी बाके, आतल्या बाजूला उघडणारे दार, आणि मुख्य म्हणजे मागच्या जिन्याचे कुलूपबंद चॅनल गेट, हे त्यांना सापडेलच. चोरी होऊ नये म्हणून लावलेले कुलूप आगीच्या वेळी जीव घेऊ शकते. एका धोक्यावरचा उपाय दुसऱ्या धोक्याला कसा वाट करून देतो, हे इतक्या स्पष्टपणे दाखवणारे दुसरे उदाहरण मला ठाऊक नाही. या विषयातली सर्वांत अवघड गोष्ट हीच तोल साधण्याची आहे. तेव्हा विद्यार्थ्यांना त्यावर खल करू द्यावा, आणि ‘कुलूप काढून टाका’ एवढे उत्तर पुरेसे मानू नये. आतून किल्लीशिवाय उघडणारी कडी बसवता येईल काय, किल्ली काचेच्या पेटीत जिन्याजवळच ठेवता येईल काय, तिची जबाबदारी प्रत्येक पाळीत कोणाची, इथपर्यंत त्यांना पोचू द्यावे.

पाहणीनंतर तालीम. पहिली तालीम अचानक घेऊ नये. घबराटीत कोणी जिन्यावरून पडले तर शिकवण्याऐवजी इजाच होईल. प्राचार्यांची संमती घ्यावी, जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाला आणि जवळच्या अग्निशमन केंद्राला आधी कळवावे, ते बहुधा माणूस पाठवतात. मैदानात जमण्याची जागा ठरवावी आणि तेथे वर्गवार हजेरी घ्यावी, कारण बाहेर किती आले यापेक्षा आत कोण राहिले हे कळणे महत्त्वाचे असते. कुबड्या वापरणारा किंवा कमी दिसणारा विद्यार्थी असेल तर त्याच्यासोबत कोण राहणार, हे त्यालाच विचारून ठरवावे. तालीम संपली की त्याच दिवशी, आठवण ताजी असताना, सर्वांना बसवून काय अडले ते बोलू द्यावे. शिपाई आणि सफाई कर्मचारी या बैठकीत असलेच पाहिजेत. इमारतीची खरी माहिती त्यांच्याकडे असते आणि त्यांना सहसा कोणी विचारत नाही.

स्नेहसंमेलनासाठी वेगळा पाठ ठेवावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे. २५ नोव्हेंबर २०२३ रोजी कोचीच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विद्यापीठात विद्यार्थ्यांच्या महोत्सवातील गाण्याच्या कार्यक्रमाआधी चेंगराचेंगरी होऊन चौघांचा जीव गेला. खुल्या प्रेक्षागृहात जाणाऱ्या वाटेवर उतरत्या पायऱ्या होत्या आणि पावसामुळे बाहेरची गर्दी आत लोटली. मुंबईच्या एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पुलावर २९ सप्टेंबर २०१७ रोजी २३ जण गेले, तेव्हाही पाऊस होता, अरुंद जिना होता आणि पुढे काय अडले आहे ते मागच्यांना दिसत नव्हते. विद्यार्थ्यांनी दोन्ही घटनांचा नकाशा काढावा आणि मग आपल्या सभागृहाचा नकाशा त्यांच्याशेजारी ठेवावा : आत किती माणसे मावतात, प्रवेशिका किती वाटल्या, दारे केव्हा उघडणार, पाऊस आला तर काय आणि गर्दी थांबवण्याचा निर्णय कोणाचा. हा शेवटचा मुद्दा नाव घेऊन लिहून ठेवावा, कारण ‘समिती ठरवेल’ असे लिहिलेले असेल तर ऐन वेळी कोणीच ठरवत नाही.

गुण देताना स्मरणशक्तीला कमी आणि अहवालाला जास्त द्यावेत. एक पथ्य मात्र विद्यार्थ्यांकडून कसोशीने पाळून घ्यावे. कोणते कुलूप कच्चे आहे, कोणता कॅमेरा बंद आहे, रात्री रक्षक केव्हा जेवायला जातो, ही माहिती असलेला अहवाल प्राचार्यांच्या हाती द्यायचा असतो; त्याची छायाचित्रे समाजमाध्यमांवर टाकली तर सुरक्षेच्या अभ्यासातूनच असुरक्षितता निर्माण होईल. गोपनीयतेची ही शिस्त पहिल्या वर्षीच अंगवळणी पडावी.

प्रश्न : मी सैन्यातून हवालदार म्हणून निवृत्त झालो आहे. एका खासगी कंपनीत सुरक्षा पर्यवेक्षकाच्या जागेसाठी विचारणा झाली आहे. इतक्या वर्षांच्या सेवेनंतर मला पुन्हा वर्गात बसण्याची गरज आहे काय?
– एक माजी सैनिक, सांगली जिल्हा

उत्तर : पर्यवेक्षक नेमताना सैन्यात किंवा पोलिसांत किमान तीन वर्षांचा अनुभव असलेल्यांना प्राधान्य द्यावे, असे २००५ च्या कायद्यातच म्हटले आहे, त्यामुळे तुमची बाजू भक्कम आहे. नव्या रक्षकाला केंद्रीय आदर्श नियमांनुसार १०० तास वर्गातले आणि ६० तास प्रत्यक्ष कामाचे प्रशिक्षण घ्यावे लागते. माजी सैनिकांसाठी ते बरेच कमी ठेवले आहे. तरीही अल्प मुदतीचा एखादा अभ्यासक्रम तुम्ही करावा असे मी सुचवीन, आणि त्याचे कारण तुमच्या क्षमतेविषयीची शंका नव्हे. शिस्त, पहारा आणि आणीबाणीत डोके शांत ठेवणे हे तुम्हाला कोणी शिकवू शकणार नाही. पण कंपनीत तुमच्या आज्ञेला सैन्यातल्यासारखे कायद्याचे बळ नसते. संगणक अभियंत्याला बॅग उघडायला सांगताना, संपावरच्या कामगारांशी बोलताना किंवा रागावलेल्या नातेवाइकांना रुग्णालयाच्या दारात थांबवताना समजावणे हेच मुख्य साधन असते.

शिवाय अधिकारांची मर्यादा नेमकी ठाऊक असावी लागते. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या ४० व्या कलमानुसार खासगी व्यक्तीला आपल्या डोळ्यांदेखत अजामीनपात्र आणि दखलपात्र गुन्हा करणाऱ्याला पकडता येते, पण सहा तासांच्या आत त्याला पोलिसांच्या हवाली करावे लागते. चोरीच्या संशयावरून एखाद्या कामगाराला तासन्तास खोलीत बसवून ठेवणे हा उलट तुमच्यावरच गुन्हा ठरू शकतो. महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निप्रतिबंधक कायद्याखाली इमारतीतील अग्निसुरक्षा यंत्रणा चालू स्थितीत असल्याचे प्रमाणपत्र दरवर्षी जानेवारी आणि जुलैमध्ये सादर करायचे असते, ही तारीख कंपनीत बहुधा सुरक्षा विभागालाच लक्षात ठेवावी लागते. घटनेचा अहवाल कसा लिहावा, कॅमेऱ्याचे चित्रण पुरावा म्हणून कसे जपावे, हेही वर्गात नीट शिकता येते.

मुलाखतीला जाण्यापूर्वी शक्य असेल तर त्या कंपनीच्या बाहेरून एक फेरी मारा आणि दिवसा व रात्री रस्त्यावरून जे दिसते तेवढेच दोन पानांत लिहा : वाहनांची ये-जा, अंधारे कोपरे, कुंपणाला लागून वाढलेली झाडे, अग्निशमन बंबाला वळायला जागा आहे की नाही. मुलाखतीत हा कागद समोर ठेवून बोला.